कोपऱ्यातले टाके

१२ ऑगस्ट

भिंगरे,

पोचल्याचं पत्र आलं. चार ओळींचं. चार ओळी तर मी दूधवाल्याला लिहून ठेवते. तुला वसतिगृहात सोडून आल्यापासून तुझा बाप तोंड पाडून बसला होता. आता बरा आहे, जेवतो.

फोन करू नकोस. मला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाचं भरते. कागदावर लिही. दुसरीत माझी शाळा सुटली, पुढचं वाचन चादरींवरचे आकडे बघून झालं. तेव्हा अक्षर मोठं काढ.

एक नियम सांगते. रुग्णालयाच्या धुलाईघरात मी एकतीस वर्षं काढली, हे तू हजारदा ऐकलंयस, आता पुन्हा ऐक. प्रत्येक वॉर्डाच्या चादरीच्या कोपऱ्यात आम्ही वेगळा टाका घालायचो. शिक्का धुण्यात जातो, टाका जात नाही. तशीच खूण आपल्या पत्रांना. माझी लाल दोऱ्याची, तीन उभे टाके आणि खाली एक आडवा. तुझी निळी, दोन आडवे आणि शेजारी फुली. सुईदोरा तुझ्या सामानात साबणाच्या डबीत आहे. बिनटाक्याचं पत्र मी तुझं मानणार नाही. हसायचं तर हस, पण टाका घाल.

आणि संगणकाची सुरक्षा म्हणजे तिथे काय शिकवतात ते नीट लिही. शेजारणीला मी सांगितलंय, पोरगी कुलपं शिकते. तिला वाटतंय तू किल्ल्या बनवून देशील.

आजी


२४ ऑगस्ट

आजी,

नमस्कार. टाका वाकडा आलाय, समजून घे.

आमच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत आणि ते बाहेरच्या जगाशी मुद्दाम जोडलेले नाहीत. अर्धा वर्ग हल्ला करतो, अर्धा बचाव. परवा मी बचावात होते. सहा मिनिटांत आमचा निकाल लागला.

पण मजा ऐक. तारेतून जाणारा प्रत्येक निरोप बारीक तुकडे करून जातो आणि वाटेतला कोणीही ते उघडून पाहू शकतो. म्हणून निरोप आधी कुलूपबंद करायचा, आणि त्याखाली दुसऱ्या कोणाला जमणार नाही अशी सही करायची. बाई हे फळ्यावर काढत होत्या आणि मला साबणाची डबी आठवली. मी खुदकन हसले. बाईंनी उभं केलं.

बाई फार कडक आहेत, तुला आवडतील. पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून सही घेतली, लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

शुक्रवारी बाहेरून एक पाहुणे सर येतात. त्यांची स्वतःची कंपनी आहे. मोठ्या संस्था त्यांना बोलावतात, आमच्यात घुसून दाखवा म्हणतात, आणि ते घुसून दाखवतात. त्यांचं म्हणणं, यंत्र क्वचित फुटतं, दार नेहमी माणूस उघडतो. त्यांनी वर्गातून तिघांना जादा कामासाठी निवडलं. त्यातली एक मी.

भिंगरी


२ सप्टेंबर

भिंगरे,

टाका वाकडा नाही, आळशी आहे. दोरा ताणून घे.

म्हणजे घरफोडी शिकायला चार वर्षं. चोर बिचारे एका हिवाळ्यात तयार होतात. पण तुझ्या त्या पाहुण्याचं म्हणणं खोटं नाही. एकदा पांढरा डगला घातलेला एक बाबा ढकलगाडीवर चाळीस ब्लँकेटं घेऊन निघाला होता. परिचारिका त्याला वाट देत होत्या, पहारेकऱ्याने दार धरलं. मी विचारलं, कुठल्या वॉर्डाची? म्हणाला, बारा. टाका सातचा होता. गादीवालीने त्याला ढकलगाडीसकट कोपऱ्यात दाबून धरला. आठवते ना गादीवाली, माझ्या शेजारी गाद्या शिवायची ती? आता तिचं हृदय रडगाणं गातंय. नोव्हेंबरात ऑपरेशन आहे, त्याच रुग्णालयात. मला म्हणते, मेले तर माझी कात्री तू घे. कात्री चांगली आहे.

बाईंनी सही घेतली ते बरं केलं.

आजी


१५ सप्टेंबर

आजी,

तुझी ब्लँकेटांची गोष्ट मी पाहुण्या सरांना सांगितली. ते हसले नाहीत, वहीत लिहून घेतली. म्हणाले, तुझी आजी जन्मतः आमच्या धंद्यातली आहे.

आता खरं काम मिळालंय. प्रत्येकाने एक संस्था निवडायची, तिथली माणसं कशी बोलतात, कोणावर विश्वास ठेवतात हे शोधायचं आणि मग सर परवानगी आणतात आणि खरी परीक्षा होते. बाकी दोघं बँका नि गोदामं घेऊन बसलेत. मी आपलं रुग्णालय घेतलं. मला तिथलं जे माहीत आहे ते त्यांना महिनाभर उंबरठ्यावर बसूनही कळणार नाही.

तर सांग. संगणक अडला की तिथे कोण येतं? नवीन माणूस आतला आहे हे कसं ओळखतात? आत्या तिथेच कामाला आहे, पण तिला विचारू नकोस, ती सगळीकडे सांगत सुटेल. तुला आठवतं तेवढं पुरे.

भिंगरी


२३ सप्टेंबर

भिंगरे,

इतक्या वर्षांत मला कामाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. तुझ्या आजोबांना वाटायचं मी तिथे पाय धुवायला जाते. म्हणून सविस्तर लिहिते.

धुलाईघर तळघरात होतं. वरच्या मजल्यांना फोन करताना आम्ही आधी विचारायचो, ओलं की सुकं? कारण वर ओल्या चादरी पडलेल्या असतील तर तिथे बोलायला कोणाला सवड नसायची. ओलं म्हटलं की फोन ठेवायचा, सुकं म्हटलं की बोलायचं. हळूहळू सगळं रुग्णालय तसंच बोलायला लागलं. आता धुणं बाहेर जातं, आमच्या जागी तळघरात संगणक बसलेत, पण फोन उचलला की मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा तेच विचारतात. बाहेरच्याला हे ठाऊक असायचं कारणच नाही. ते विचारणारा तो आपला, एवढं साधं आहे.

यंत्र अडलं की तळघरातला संगणकवाला फोन करतो किंवा त्याच्या हाताखालची पोरगी. ती दर सहा महिन्यांनी बदलते. तुझी आत्या नोंदणीच्या खिडकीत बसते, ती त्यांना आपला परवलीचा शब्द फोनवरच सांगते. सगळ्याच सांगतात. नाहीतर तो तीन जिने चढून येणार कधी आणि रांग सरकणार कधी?

तुझ्या सरांना म्हणावं, वहीत हेही लिहा.

आजी


४ ऑक्टोबर

आजी,

जमलं. एका फोनात जमलं.

सरांनी फोन असा लावून दिला की तिकडे तो तळघरातून आल्यासारखा दिसावा. मी विचारलं, ओलं की सुकं? पलीकडून आवाज आला, सुकं आहे, बोल गं. आजी, ती आत्या होती. मी आवाज जाड करून शब्द विचारला आणि तिने सांगितला. वर मला विचारलं, नवीन का तू, जेवलीस का. तिने मला ओळखलं नाही.

ठेवल्यावर खूप हसू आलं. मग जरा कसंतरी झालं. सर म्हणाले, पहिल्यांदा सगळ्यांना होतं. त्यांना पटेना की एवढ्या दोन शब्दांवर माणसं विश्वास ठेवतात, तेव्हा मी तुझं मागचं पत्र त्यांना दाखवलं. त्यांनी ते ठेवून घेतलं, अहवालाला जोडायचं आहे म्हणाले. टाक्यांचं फार कौतुक केलं.

परवानगीचा कागद त्यांच्याकडे आहे, काळजी नको. अहवाल रुग्णालयात गेला की मीच आत्याला सांगेन. तोवर तू गप्प राहा.

भिंगरी


१२ ऑक्टोबर

भिंगरे,

माझं पत्र देऊन टाकायला तुला कोणी सांगितलं होतं? ते तुझ्यासाठी लिहिलं होतं. ज्या पाकिटात ते गेलं त्यावर माझ्या घराचा पत्ता आहे.

आणि कागदाचं सांग. तू तो पाहिलास का? हातात धरलास का? आमच्याकडे एक टॉवेल बाहेर जायचा तर चिठ्ठीचे दोन भाग व्हायचे, एक दारावर, एक माझ्याकडे. दोन्ही फाटके काठ जुळले तरच माल सुटायचा. तुझ्याकडचा भाग कुठे आहे? कडक बाईंना हे ठाऊक आहे का?

एवढ्याचं उत्तर दे. बाकी गप्पा नंतर.

आजी


२१ ऑक्टोबर

आजी,

कागदाचा फोटो पाहिला आहे, सरांच्या फोनवर. खाली सही होती. बाईंना अजून नाही सांगितलं, कारण हे सरांचं काम आहे, कॉलेजचं नाही. तू उगाच घाबरतेस. परीक्षा तोंडावर आली आहे, सावकाश लिहीन.

भिंगरी


५ नोव्हेंबर

भिंगरे,

सोमवारपासून रुग्णालयातला एकही संगणक उघडत नाही. पडद्यावर एकच मजकूर येतो, तुमचं सगळं आम्ही कुलूपबंद केलं आहे, किल्ली हवी असेल तर बोला. तुझ्या भाषेतलं कुलूप.

मी काल गादीवालीला भेटायला गेले होते. व्हरांड्यात माणसं भिंतीला टेकून बसली आहेत. डॉक्टर पाठकोऱ्या कागदांवर लिहितात आणि ते कागद हातात घेऊन मजल्या-मजल्यांवर धावतात. रक्ताचा अहवाल एकाचा, नाव दुसऱ्याचं, असं दोनदा झालं. ऑपरेशनं थांबवली आहेत. गादीवालीचं बुधवारी होतं. ती म्हणाली, बरं झालं, मला नखं कापायची होती.

तुझ्या आत्याला घरी बसवलंय. ज्या शब्दाने कोणीतरी आत शिरलं तो तिचा होता. चौकशीची दोन माणसं येऊन तिला चार तास विचारत होती, पैसे कोणी दिले, कधी दिले. ती माझ्यासमोर स्वयंपाकघरात बसून एकच वाक्य बोलत होती, "अगं आई, तिने ओलं की सुकं विचारलं, मग मी कशी नाही सांगणार?"

मी पातेलं घासत होते. पातेलं स्वच्छ झालं तरी घासत होते. मी तिला काही सांगितलेलं नाही. तुझ्या पत्राची वाट पाहते.

आजी


१३ नोव्हेंबर

आजी,

पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

पाहुण्या सरांचा फोन बंद आहे. त्यांच्या कंपनीच्या खोलीवर गेले होते. दार उघडं, आत फक्त टेबल आणि भिंतीवर खिळे. घरमालक म्हणाला, तो दोन आठवड्यांपूर्वीच गेला. बाकीच्या दोघांना मी विचारलं, त्यांच्या परीक्षा कधी झाल्याच नव्हत्या. त्याने फक्त माझीच घेतली. आणि मीच त्याला रुग्णालय सुचवलं, कोणी विचारलं नसताना. मला सगळ्यांत हुशार दिसायचं होतं.

काल एक निरोप आला. त्यात माझा आवाज होता, आत्याशी बोलतानाचा, आणि खाली एकच ओळ. आवाज तुझा आहे, माझा नाही.

आजी, मी सांगितलं तर मला काढून टाकतील. तुरुंगातही जाईन कदाचित. मला थोडे दिवस दे. मी त्याचा माग काढते आहे, मला ते येतं, थोडं थोडं येतं. तो सापडला की सगळं एकदम सांगता येईल. माझी पत्रं कोणाला दाखवू नकोस. आत्याचं निर्दोषत्व आपोआप सिद्ध होईलच.

रात्रीपासून कोणीतरी माझ्या सगळ्या खात्यांत शिरलं आहे. मी लिहिलेलं आधी दुसरं कोणी वाचतं. फक्त हे पत्र त्याला वाचता येत नाही.

भिंगरी


१८ नोव्हेंबर

भिंगरे,

आपोआप काही होत नाही. चादरसुद्धा आपोआप वाळत नाही, कोणीतरी पिळून टाकावी लागते.

तुझा हिशेब असा की आत्याने आणखी थोडे दिवस चोर म्हणून राहावं, म्हणजे तुला डोकं चालवायला वेळ मिळेल. ती घराबाहेर पडत नाही. शेजारीण आली तर आतल्या खोलीत जाऊन बसते. तिने तुला अंगाखांद्यावर वाढवलं, हे मी मुद्दाम लिहिते, तुला टोचावं म्हणून.

दोष पहिला माझा. मला कोणीतरी कामाचं विचारलं म्हणून मी फुगले आणि सगळं ओतून टाकलं. तो मी माझ्या तोंडाने सांगणार. तुझा तू तुझ्या तोंडाने सांग. माग काढणं बंद कर, तो तुझ्यापेक्षा मुरलेला आहे. कडक बाईंकडे जा, त्यांना सगळी पत्रं दाखव, आणि त्यांना घेऊन इकडे ये. फोनवर, यंत्रावर एक अक्षर टाकू नकोस. येतेस की नाही तेही कळवू नकोस. चालू लाग.

पंचवीस तारखेपर्यंत थांबते. सव्वीसला तुझी पत्रं पिशवीत घालून मी चौकशीवाल्यांकडे जाणार. तू माझी नात आहेस म्हणून एक दिवस जास्त देणार नाही.

आजी


२७ नोव्हेंबर

प्रिय आजी,

माझ्या हाताला लागलं आहे म्हणून टाइप करून पाठवते आहे. काळजी करू नकोस. सगळं व्यवस्थित होत आहे. मी घरी येऊ शकत नाही, परीक्षा आहेत.

तुझ्याकडे असलेली माझी सर्व पत्रं आता धोक्याची आहेत. ती कोणालाही दाखवू नकोस. माझा एक विश्वासू मित्र गुरुवारी सकाळी येईल, त्याच्याकडे सर्व पत्रं दे. तो आपला आहे हे तुला लगेच कळेल. आपली नेहमीची खूण खाली घातली आहे.

तुझी लाडकी भिंगरी


९ डिसेंबर

पाहुण्या,

तुला काय म्हणून हाक मारावी कळत नाही, म्हणून वर्गात जे म्हणायचे तेच. हे पत्र टपालात टाकणार नाही. चौकशीवाल्यांकडे ठेवते. सापडलास की ते तुला देतील, बसून सावकाश वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा भिंगरी माझ्या समोर वाटाणे सोलत बसली होती. चोवीस तारखेला आली, कडक बाई बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी आणि तिची आत्या चौकशीच्या कचेरीत गेलो. माझी पत्रं वर ठेवली, तिची खाली. भिंगरी सात तास बोलली. मधे एकदा पाणी मागितलं. आत्या भिंतीकडे बघत होती. तिचं नाव कागदावरून निघालं आहे. भाचीशी ती अजून बोलत नाही, आणि मी तिला बोल म्हणणारही नाही.

तुझ्या पाकिटावर भिंगरीचं नाव पाहून मी ते तिच्या पुढ्यात टाकलं. तिने आधी मजकूर वाचलाच नाही, कोपरा पाहिला. मग माझ्याकडे सरकवला. लाल दोरा. तीन उभे, खाली एक आडवा. टाके सुरेख आहेत, ताण सारखा आहे, माझ्या हाताखाली असतास तर मी तुला कामावर ठेवून घेतलं असतं. पण ती माझी खूण आहे, बाबा. तुझ्याकडे माझंच एक पत्र होतं, तिचं एकही नव्हतं. तू माझंच नाव घेऊन माझ्याच दारात आलास.

गुरुवारी तुझा माणूसही आला. पोक्त, बूट पुसून आलेला. दारात उभा राहून मला म्हणाला, "ओलं की सुकं?" एकतीस वर्षं हे शब्द मी ऐकले, पण माझ्या घराच्या दारात त्या दिवशी पहिल्यांदा. मी म्हटलं, सुकं आहे, आत या. आत चौकशीवाले दोघं बसले होते. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सामान पोचवण्याचं काम मिळालं म्हणून आला होता, तुला त्याने पाहिलेलंही नाही. तुझ्यासाठी दार उघडणारी माणसं तुला कुठेही मिळतात, हे आता मला कळलंय.

रुग्णालयातले निम्मे संगणक उघडले, निम्मे उघडायचे आहेत. तिथे आता फोनवर कोणी काही विचारत नाही. उचलतात आणि पलीकडचा बोलेपर्यंत गप्प राहतात. मी गेले होते तेव्हा ऐकलं. म्हणजे काहीच ऐकलं नाही.

गादीवाली दोन तारखेला गेली. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन वेळेवर झालं असतं तरी सांगता आलं नसतं. त्यांना माहीत नाही, मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. कात्री माझ्याकडे आली आहे. भिंगरीला सांगितलं, हिला हात लावायचा नाही.

तिला कॉलेजने काढलं आहे, पुढे काय होईल ते न्यायाधीश ठरवतील. बाई म्हणतात, शिक्षा भोगून आली तर त्या तिला पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकवतील. बघू.

तू अजून बाहेर आहेस. माझा पत्ता तुझ्याकडे आहे, माझं अक्षर आहे, माझा टाका आहे. काल कोणीतरी दार वाजवलं, उघडलं तर जिन्यात कोणी नव्हतं. शेजारणीला विचारलं, तिने काही पाहिलं नाही. आम्ही घरात नवी खूण ठरवली आहे, ती कुठेही लिहिलेली नाही.

या पत्राच्या कोपऱ्यात काही शोधू नकोस. टाका मी घरच्या माणसांनाच घालते.

आजी